ट्रॅव्हलरच्या टपावर आणि मेव्हण्याच्या बोटीवर फ्लेक्सिबल सोलर, चिकटवू का नको?

भटक्या_३३५० (पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. मागच्या दिवाळीत एक जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली, ३३५० वाली, आणि आतल्या सीटा काढून हळूहळू तिचा कॅम्पर करतोय. बेड झाला, ओटा झाला, ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रीज पण आला, आता सगळं विजेवर अडलंय. १०० एएचची लिथियम बॅटरी घेऊन ठेवलीये. डोक्यात असं आहे की टपावर १००-१०० वॉटची दोन फ्लेक्सिबल पॅनेलं सरळ चिकटवून टाकायची, एकेक पॅनेल जेमतेम दोन किलोचं, टपाला भोकं पाडायला नकोत, खालून दिसत पण नाहीत त्यामुळे कोणी उचलून नेईल ही भीती नाही.

आता भानगड अशी की बायकोचा भाऊ मालवणजवळ देवबागला पर्यटकांची बोट चालवतो, डॉल्फिन दाखवायला नेतो वगैरे. बोटीत पाणी उपसायचा पंप, एक स्पीकर, दोन लाइट आणि सगळ्या पब्लिकचे मोबाइल चार्जिंगला, त्यामुळे सीझनमधे दर दोन-तीन दिवसांनी त्याला बॅटरी खांद्यावर मारून घरी न्यायला लागते. त्याला माझा प्लॅन कळल्यावर लगेच फोन, "भावोजी, माका पण दोन मागवा." म्हणजे एकूण चार.

ऑनलाइन एक ३०० वॉटचं फ्लेक्सिबल दिसतंय, साइज १ मीटर बाय ६० सेंटिमीटर, आणि भाव १०० वॉटवाल्यापेक्षा कमी!! घ्यावं का? कशाने चिकटवायचं? घरात वायरिंगची १.५ एमएमची वायर उरलीये ती चालेल ना? पॅनेल आणि बॅटरीच्या मधे लावायचा चार्ज कंट्रोलर पीडब्ल्यूएम प्रकारचा आहे, फुकट मिळालाय. दोन पॅनेलं सिरीजमधे का पॅरलल?

---

सांगलीचा_सोलरवाला

भाऊ आधी ते ३०० वॉटचं कार्टमधनं काढा. साधा हिशोब सांगतो, कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं, तुमचं पॅनेल ०.६ चौरस मीटर म्हणजे ६०० वॉट, आणि चांगल्यातली चांगली सेल त्यातलं २२-२३ टक्के वीज करते. झाले १३०-१४० वॉट, ते पण प्रत्येक कोपऱ्यात सेल भरली असेल तर. तीनशे येणार कुठनं, बाकीचे स्टिकरवर. असली पॅनेलं माझ्याकडं रिपेरीला येत्यात, मोजली की ७०-८० वॉट निघतात. १०० वॉटचं खरं पॅनेल साधारण १०५ बाय ५४ सेंटिमीटर असतं हे लक्षात ठेवा, त्याच्यापेक्षा फारच छोटं असलं तर समजून जायचं.

आता तुमचा लोड. फ्रीज चालू असताना ४५-६० वॉट घेतो पण सारखा चालत नाही, आपल्या हवेत दिवसाला ४५०-५०० वॉट-अवर धरा, दोन छोटे पंखे रात्रभर म्हणजे अजून २००, लॅपटॉप असेल तर १५०-१८०, लाइट मोबाइल ७०. म्हणजे ९०० च्या आसपास. २०० वॉट सपाट टपावर टाकून आपल्याकडं पाऊस सोडून दिवसाला ५ तासाचं पूर्ण ऊन धरलं आणि उष्णता, धूळ, वायर यात तिसरा हिस्सा गेला असं पकडलं तर हातात साडेसहाशे येतात. तिसऱ्या दिवशी फ्रीजमधलं दूध फाटणार.

माझं ऐकाल तर व्हॅनला फ्लेक्सिबल नकोच. ट्रॅव्हलरचं टप बऱ्यापैकी सपाट आणि लांब, तिथं फ्लेक्सिबलचं कामच काय? ३३५ वॉटचं काचेचं साधं पॅनेल घ्या, २ मीटर बाय १ मीटर, २२ किलो. तुमच्या गाडीला २२ किलो म्हणजे टपावर एक सिमेंटची अर्धी गोणी पण नाही. पैसे पण दोन चांगल्या फ्लेक्सिबलपेक्षा कमी लागतील. फक्त तो फुकटचा पीडब्ल्यूएम ज्यानं दिला त्यालाच परत द्या, कारण हे पॅनेल ३८ व्होल्टला चालतं आणि पीडब्ल्यूएम त्याला ओढून बॅटरीच्या १३ व्होल्टवर आणतो, करंट तेवढाच राहतो ८.८ अँपिअर, म्हणजे ३३५ चं पॅनेल ११५ वॉट देतंय. एमपीपीटीच घ्या, म्हणजे जादा व्होल्ट वाया न घालवता त्याचा करंट करून देणारा कंट्रोलर, ३० अँपिअरचा, आणि पॅनेलच्या बाजूनं १०० व्होल्टपर्यंत झेपणारा.

---

रस्त्यावरचा_नाशिककर

मी चिकटवली होती. रडकथा सांगतो म्हणजे तुमची वाचेल.

माझी पण जुनी गाडी, व्हॅन म्हणा ना. तीन फ्लेक्सिबल, खाली पीयू सीलंटच्या रेघा, वरून कडेला टेप, एकदम विमानासारखं दिसत होतं, गल्लीतली पोरं फोटो काढायची. पहिला उन्हाळा मस्त. दुसऱ्या उन्हाळ्यात वरचं प्लॅस्टिक पिवळट झालं, मग त्याच्यात फोड आले, पापडाला येतात तसे. ते पीईटी नावाच्या प्लॅस्टिकचं कोटिंग होतं हे मला नंतर कळलं, घेताना इटीएफई (उन्हात जास्त टिकणारं प्लॅस्टिक) लिहिलंय का बघायला पाहिजे होतं. इटीएफई हाताला जरा खरखरीत लागतं, बारीक ठिपक्यांचं टेक्श्चर असतं, पीईटी गुळगुळीत चकचकीत असतं, तिथेच फसतो माणूस.

पण खरी मजा काढताना. गोंद इतका भारी की पॅनेल निघेना, शेवटी एका मित्रानं आयडिया दिली, मासे धरायचा जाड तंगूस घेतला, दोन्ही टोकांना लाकडाचे तुकडे बांधले आणि दोघांनी दोन बाजूंनी करवतीसारखा ओढत गोंद कापला. अख्खा रविवार गेला. आणि गोंद टपाला सोडेना पण टपाचा रंगच पत्र्याला सोडून आला, कारण आधीच्या मालकानं तिथं पुट्टी भरून रंग मारला होता. खाली गंज. म्हणजे पॅनेल पत्र्याला चिकटलंच नव्हतं, पुट्टीला चिकटलं होतं, आणि मी त्याच भरवशावर हायवेला ८०-९० नं जात होतो. जुनी गाडी असेल तर आधी चुंबक फिरवून बघा टपावर, पुट्टी जिथे जाड तिथे चुंबक धरत नाही.

---

गप्प_वाचक

फ्लेक्सिबल चिकटवलं की गरम होऊन निम्मी वीज जाते असं वाचलंय. मग घेतात कशाला लोक?

---

सांगलीचा_सोलरवाला

निम्मी वगैरे काही जात नाही, उगी कुणीतरी फुगवून लिहितं. पॅनेलवर छापलेला वॉट २५ डिग्री सेलला मोजतात, त्याच्या वर दर डिग्रीला साधारण ०.४ टक्का कमी होतो. आपल्याकडं एप्रिल-मेमधे काचेचं पॅनेल खालून हवा असूनपण ६५ च्या आसपास जातं म्हणजे १६ टक्के गेले. चिकटवलेलं ८५ ला जाईल, २४ टक्के गेले. फरक ८ टक्क्याचा. विजेसाठी मी नको म्हणत नाहीये, आयुष्यासाठी म्हणतोय. रोज ८५ ला तापायचं, रात्री २० ला यायचं, पत्रा वेगळा फुगतो प्लॅस्टिक वेगळं, आतले डाखाचे जोड तेवढ्यानं सुटतात. शिवाय काळं पॅनेल पांढऱ्या टपाला चिकटलं की ती सगळी उष्णता खाली बेडवर. तेच काचेचं पॅनेल दोन इंच वर असेल तर टपाला सावली मिळते, मांडव घातल्यासारखी. आमच्याकडं दुपारी हा फरक आत बसल्या बसल्या कळतो.

अगदी फ्लेक्सिबलच टाकायचं असलं तर मधे पॉलीकार्बोनेटची पोकळ नळ्यांची शीट टाका, शेडला वापरतात ती, नळ्या गाडी जाते त्या दिशेनं आणि दोन्ही तोंडं उघडी. तोंडाला बारीक जाळी लावा नाहीतर कुंभारीण माशी दोन आठवड्यात मातीनं बुजवून टाकते.

---

आलमारी_ते_इनव्हर्टर (रत्नागिरी)

बोटीचं मी सांगतो, माझं हेच काम, बंदरावर ट्रॉलरचं आणि छोट्या होड्यांचं वायरिंग करतो. सांगलीकरांचं व्हॅनसाठी बरोबर आहे पण बोटीला उलटं. तुमच्या मेव्हण्याच्या बोटीला वर ताडपत्रीचं नाहीतर फायबरचं बाकदार छप्पर असणार, त्यावर २२ किलोची काच बसवाल तर एक तर वजन वर गेल्यानं बोट जास्त डुलणार आणि दुसरं म्हणजे वारा काचेखाली शिरला की छप्परासकट उचलेल. इथे फ्लेक्सिबलला मान आहे. पण चिकटवायचं नाही!! कारण मे अखेरीला पर्यटन बंद होणार, बोट वर ओढून झाकून ठेवणार, मासेमारीवाल्यांची तर १ जून ते ३१ जुलै बंदीच असते, मग चार महिने पॅनेल ताडपत्रीखाली सडवायचं का? काढून घरी माळ्यावर ठेवता आलं पाहिजे.

मी करतो ते असं. जाड कॅनव्हासच्या तुकड्यावर पॅनेलच्या कडांच्या रिंगांमधून शिवून घ्यायचं, सेलवरून सुई गेली की संपलं, हे शिवणाऱ्याला दहा वेळा सांगायचं, आणि तो कॅनव्हास छप्पराच्या पाइपला दोरीनं ताणून बांधायचा. ताण महत्त्वाचा. ढिलं राहिलं की बोट पळताना पॅनेल फडफडतं आणि आतली सेल तडकते, आत असते ती शेवटी काचेसारखी सिलिकॉनची पातळ चकतीच. नावाला फ्लेक्सिबल, पंचाप्रमाणे घडी घालायची नाही. छप्पराचा हलका बाक चालतो, गोल पाइपवर गुंडाळलेलं चालत नाही. आणि वर कोणी चढायचं नाही, खलाश्यांना छप्परावर बसायची सवय असते, टाचेखाली एक सेल गेली तरी वरून दिसत नाही, महिन्यानं तिथं तपकिरी डाग पडतो.

आता सावली. तुमच्या पुण्याच्या गाडीला झाडाखाली सावली पडते ती एकाच जागी तरी पडते. बोट फिरली की सावली फिरते. झेंड्याची काठी, दोरी, पताका, पर्यटकांच्या बोटीला पताका पाहिजेतच ना फोटोला. ३६ सेलच्या पॅनेलमधे बहुतेक वेळा दोनच बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वगळून वीज पुढे नेणारे) असतात, म्हणजे एका सेलवर काठीची सावली आली की अर्धं पॅनेल झोपलं. त्यात दोन पॅनेलं छप्पराच्या दोन उतारांवर असतील तर एकावर ऊन एकावर तिरकं. म्हणून बोटीवर पॅरलल, एक झोपलं तरी दुसरं चालू राहतं. व्हॅनवर जागा उघडी असेल तर सिरीज, तिथं वायरीत कमी जातं.

वायर. दादा ती घरची १.५ ची वायर बोटीला नको आणि व्हॅनला पण नको. १२ व्होल्टला करंट मोठा असतो, दोन पॅनेलं पॅरलल म्हणजे ११ अँपिअर, सहा मीटर जाऊन सहा मीटर परत, १.५ मधे दीड व्होल्टच्या वर वायर गरम करण्यात गेले, १८ मधले. ४ एमएम घ्या, तिथं अर्ध्या व्होल्टवर येतं. आणि बोटीला कलईची वायर, भांड्यांना करतात तशी प्रत्येक तारेला कलई केलेली, साध्या तांब्याची वायर खाऱ्या हवेत टोकापासून हिरवी काळी होत आत फूटभर जाते, वरून प्लॅस्टिक नवं दिसतं आणि आत भुसा. कनेक्टर छप्परावर उघडे लोंबत ठेवू नका, पाइपाच्या खाली तोंड करून बांधा म्हणजे पाणी निथळेल, आणि लावायच्या आधी आत थोडं ग्रीस.

फ्यूज. हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २० चा फ्यूज, पॅनेलसाठी नव्हे, बॅटरीसाठी. पॅनेल शॉर्ट झालं तर सहाच अँपिअर देतं, बॅटरी शॉर्ट झाली तर शेकड्यानं. फायबरच्या बोटीत पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी म्हणजे काय ते मी सांगायला नको.

रोजची धुलाई गोड्या पाण्यानं, घासणी लावायची नाही. पक्ष्यांची शिट वाळायच्या आत.

---

मेलबर्न_वारी

इकडून एक भर घालते. आम्ही इथे कॅम्परव्हॅन घेतली तेव्हा आधीच टपावर चिकटवलेली होती, आणि इथल्या उन्हाळ्यात दोन वर्षात एकावर चपातीला पडतात तसे तपकिरी डाग पडले. नवरा म्हणाला असू दे, वीज येतेय ना. मी इन्फ्रारेडचा छोटा थर्मामीटर धरला तर बाकी पॅनेल ७० आणि डागावर १४० च्या वर!! तडकलेली सेल वीज करायच्या ऐवजी बाकीच्या सेलची वीज पिते आणि तापते, तो हॉटस्पॉट. खाली पत्रा होता म्हणून निभावलं, खाली कॅनव्हास किंवा फायबर असतं तर? रत्नागिरीच्या दादांनी डागाचं सहज लिहिलंय म्हणून मुद्दाम मोठ्यानं सांगतेय, डाग दिसला की ते पॅनेल त्याच दिवशी सुटं करा आणि उन्हात उताणं ठेवू नका, पालथं घाला.

---

भटक्या_३३५० (पुणे)

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. रविवारी टपावर चुंबक फिरवला, मागच्या बाजूला हातभर जागेत धरतच नाही, म्हणजे माझी पण पुट्टीच! चिकटवायचा विषय संपला. ३३५ चं काचेचं घेतोय, टपाच्या कडेच्या पन्हाळीला क्लॅम्प होणारं कॅरिअर एक फॅब्रिकेटर करून देतोय, म्हणजे भोकं पण नाहीत. बायको म्हणाली सहा महिन्यापूर्वी मी हेच म्हणत होते, ते जाऊ दे.

दोन शंका राहिल्या. एक, आरटीओवाले टपावरच्या पॅनेलला काही म्हणतात का? आणि दुसरी मेव्हण्याची, तो म्हणतो मग इंजिनच सोलरवर टाकूया की, पेट्रोल वाचेल.

---

सांगलीचा_सोलरवाला

आरसीवर जे लिहिलंय त्यात बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं परवानगी लागते, आणि तुम्ही सीटा काढल्यात म्हणजे पॅनेलच्या आधी तोच विषय निघेल. पासिंगच्या आधी तिथं जाऊन विचारा, कॅरिअर नटबोल्टनं सुटणारं ठेवा. आणि जोडताना क्रम लक्षात ठेवा, कंट्रोलरला आधी बॅटरी मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल. उलटं केलं तर बरेच कंट्रोलर जागीच जातात. पॅनेलवर गोधडी टाकून काम करा, ऊन आहे तोवर त्याला बटण नसतं.

लिथियमला कंट्रोलरमधे लिथियमचं सेटिंग करा, १४.२ ते १४.६ व्होल्टच्या मधे, इक्वलाइज (लेड-ॲसिड बॅटरीला मुद्दाम जादा चार्ज करायची सोय) बंद.

---

आलमारी_ते_इनव्हर्टर (रत्नागिरी)

मेव्हण्याला सांगा, व्हय म्हाराजा, पण ४० एचपीचं मशीन म्हणजे ३० किलोवॉट, आणि आपली दोन पॅनेलं मिळून ०.२. दीडशेपट. केरळात वैक्कमला आदित्य नावाची ७५ सीटची सोलर फेरी २०१७ पासून चालते, पण तिच्या छप्परावर २० किलोवॉट आहेत आणि बोटच मुळात त्यासाठी बांधलीये, दोन बारीक सांगाड्यांची, कमी पाणी कापणारी, आणि चालते संथ बॅकवॉटरमधे. देवबागला खाडीच्या मुखाशी लाटांवर हे होणार नाही. पंप, लाइट, स्पीकर, मोबाइल, यासाठी त्याला खरं तर एकच १०० चं पॅनेल पुरेल. दुसरं मागवलंच असेल तर ते स्पेअर म्हणून ठेवू दे, कोणी ना कोणी छप्परावर चढणारच आहे.

आणि हो, मागवलेलं आलं की बांधायच्या आधी अंगणात उन्हात ठेवून मल्टिमीटर लावा. वायरी मोकळ्या असताना २१-२२ व्होल्ट, आणि मीटर १० अँपिअरवर टाकून शॉर्ट केलं की साडेपाच-सहा अँपिअर. दुपारी बाराला साडेतीन दाखवलं तर सरळ रिटर्न, दोरी बांधली की कोणी परत घेत नाही.

---

भटक्या_३३५० (पुणे)

आलं. मेव्हण्यानं अंगणात मोजलं, २१.४ व्होल्ट आणि ५.३ अँपिअर, साडेअकराला, थोडे ढग होते म्हणतो. ठेवू ना?

---

आलमारी_ते_इनव्हर्टर (रत्नागिरी)

ठेवा. कॅनव्हास मालवणात शिवून घेणार असाल तर शिवणाऱ्याच्या शेजारी स्वतः बसा.